जुनी गाडी, नवा टायमिंग बेल्ट

सेकंडहँड गाडी बघायला गेलेला माणूस टायरची नक्षी बघतो, दारं लावून-उघडून बघतो, ऑइलची काडी काढून पुसतो आणि जमलंच तर ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो. टायमिंग बेल्ट यातल्या कुणालाच दिसत नाही. तो इंजिनाच्या एका बाजूला प्लास्टिकच्या झाकणाआड असतो आणि तुटायच्या आधी सूचना देईलच असा नेम नसतो. व्यवहार झाल्यावर पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक विचारतो, "बेल्ट कधी टाकलाय?" आधीच्या मालकाला फोन केला की तो म्हणतो, "झालाय ना मागं." मागं म्हणजे कधी, किती किलोमीटरला, नुसता बेल्ट की बाकीचंही काही, याचं उत्तर क्वचितच मिळतं.

मग पार्ट निवडायची वेळ येते आणि चर्चा थेट ब्रँडवर जाते. कंपनीचा घ्यावा की गेट्सचा, कॉन्टिनेंटलचा की डेकोचा? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटचा. त्याआधी गाडीत नेमकं कोणतं इंजिन आहे ते पक्कं करावं लागतं आणि बेल्टच्या आसपासचं काय काय बदलायचं ते ठरवावं लागतं. पैसे वाया जातात ते बहुधा या दोन ठिकाणी.

बेल्टचं काम सांगायला सोपं आहे. खालचा क्रँकशाफ्ट दोनदा फिरला की वरचा कॅमशाफ्ट एकदा फिरायला हवा. हा हिशेब बेल्टचे दात सांभाळतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. बेल्ट तुटला किंवा दात गळून सरकला, की कॅमशाफ्ट आहे तिथं थांबतो, क्रँकशाफ्ट मात्र वेगाच्या भरात पिस्टन वर ढकलत राहतो. उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर पिस्टन आदळतो. डिझेल इंजिनात हवा भरपूर दाबायची असल्यामुळे पिस्टनच्या वर जागाच इतकी थोडी असते, की तिथं व्हॉल्व्ह वाचतील ही आशा धरू नये. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उतरवावं लागतं, कधी रॉकर मोडतात, कधी पिस्टनला खड्डा पडतो. काही पेट्रोल इंजिनांत बेल्ट तुटूनही व्हॉल्व्ह शाबूत राहतात हे खरं. पण आपलं इंजिन त्यातलं आहे, हे कुणाच्या तरी सांगण्यावरून मानणं आणि काम पुढं ढकलणं हा निव्वळ जुगार.

मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारीत दातेरी रबरी पट्टा पहिल्यांदा आणला तो जर्मनीतल्या ग्लास कंपनीने, १९६२ च्या १००४ या गाडीत. तोवर हे काम साखळी किंवा गिअर करत. पट्टा हलका, स्वस्त, शांत, आणि त्याला तेलाची गरज नाही. बदल्यात त्याला मुदत आली. हा पट्टा नुसता रबराचा नसतो. ताण घेतात त्या आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या, आणि दातांवर नायलॉनचं कापड चढवलेलं असतं. पूर्वी रबर निओप्रीनचं असे. आता बहुतेक ठिकाणी एचएनबीआर वापरतात, ते उष्णता जास्त सोसतं. त्यातून एक पंचाईत झाली आहे. जुन्या रबरावर वय झालं की पाठीला भेगा दिसत. नव्यावर त्या फार उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत. त्यामुळे वरचं झाकण थोडं सरकवून, टॉर्च मारून "बेल्ट मस्त आहे, अजून वीस हजार जाईल" असं सांगणारा मेकॅनिक खोटं बोलत नसतो. त्याला दिसतंय तेवढ्यावरून ते कळण्यासारखंच नसतं. दाताच्या मुळाशी झिजलेलं कापड आणि आत तुटलेली दोरी टॉर्चच्या उजेडात दिसत नाही.

आधी इंजिन

गाडीचं नाव सांगून बेल्ट मागू नये. वॅगन-आर म्हटली तर सुरुवातीच्या १.१ लिटर इंजिनाला बेल्ट आहे, पुढच्या के-सिरीज इंजिनाला चेन. स्विफ्टचंही तेच: २००५ ची १.३ पेट्रोल बेल्टवर, नंतरची १.२ चेनवर, डिझेल तर पहिल्यापासूनच चेनवर. आय१० मध्ये १.१ ला बेल्ट, १.२ कप्पाला चेन. डिझेल इनोव्हा २००५ ते २०१६ बेल्टवर चालली आणि क्रिस्टा आली तेव्हा चेनवर गेली. पोलोची सगळी डिझेल इंजिनं बेल्टची, जुनं १.२ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन चेनचं, आणि शेवटी आलेलं १.० टीएसआय पुन्हा बेल्टचं. एकाच कारखान्यातही एकवाक्यता नाही. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेलं १.३ मल्टिजेट चेनवर, आणि तिथूनच बाहेर पडणाऱ्या जीप कंपासचं २.० डिझेल बेल्टवर. त्यामुळे 'डिझेलला चेन असते' किंवा 'नव्या गाड्यांना चेन असते' असले गल्लीतले नियम विसरलेले बरे.

इंजिन पक्कं झालं तरी पार्ट पक्का होत नाही. एकाच इंजिनात मध्येच कधीतरी बेल्टला ताण देणारा टेन्शनर बदलतो, पंप बदलतो, बेल्टची रुंदी बदलते. म्हणून सतरा अक्षरी चासी नंबर हाच खरा पत्ता. भारतात बनलेल्या मारुतीचा तो सहसा एमए३ ने सुरू होतो, ह्युंदाईचा एमएएल ने, टाटाचा एमएटी ने. हा नंबर कंपनीच्या स्पेअर पार्ट काउंटरवर दिला की त्या विशिष्ट गाडीचा पार्ट नंबर मिळतो. तो नंबर हातात आला की मग बाहेरच्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये त्याचा जोड नंबर शोधता येतो. पार्ट कंपनीकडून घ्यायचा नसला तरी नंबर तिथूनच काढावा, असं मी नेहमी सांगतो. काउंटरवरचा माणूस कपाळाला आठ्या घालतो, पण नंबर देतो. जुन्या गाडीत आणखी एक पाहायचं असतं. इंजिन नंबर आरसीशी जुळतो का ते बघावं. इंजिन बदललेलं असेल तर चासी नंबरावरून आलेला पार्ट चुकू शकतो.

जुना बेल्ट काढून त्यावरचा नंबर वाचायचा आणि तोच आणायचा, ही सगळ्यांची आवडती पद्धत. नव्या गाडीत ती ठीक. जुन्या गाडीत आधीच्या मेकॅनिकने 'चालतोय' म्हणून बसवलेला जवळपासचा बेल्ट असेल तर आपण त्याची चूक नंबरासकट पुढं चालवतो. नवा आणि जुना शेजारी धरून दात मोजावेत, रुंदी मोजावी, दाताचा आकार बघावा. काही दात चौकोनी उताराचे असतात, काही गोलसर. आकार वेगळा असला तरी बेल्ट पुलीवर चढतो, हाच त्यातला धोका आहे. हे सगळं कॅटलॉगशी ताडून बघावं, जुन्या बेल्टच्या शब्दावर सोडू नये.

कधी, हे कोण सांगणार

कंपनीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं असे दोन आकडे असतात आणि त्यातलं जे आधी येईल ते धरायचं असतं. बऱ्याच गाड्यांत किलोमीटरचा आकडा ६० हजार ते १ लाखाच्या आसपास असतो, काही इंजिनं दीड लाखापर्यंत जातात. इनोव्हाने तर डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवाच दिला होता. पण जुन्या गाडीत तो दिवा शून्यावर आणताना बेल्टही बदलला होता का, हे दिवा सांगत नाही.

वर्षांकडे लोक दुर्लक्ष करतात. "बारा वर्षांत चाळीस हजारच चाललीय, घरची गाडी" ही जाहिरात वाचून ग्राहक खूष होतो. बेल्टच्या बाबतीत ती वाईट बातमी आहे, कारण रबर न चालताही म्हातारं होतं. शहरातली किलोमीटर आणि हायवेची किलोमीटर यांचाही हिशेब वेगळा. ताशी सरासरी २० च्या वेगाने ६० हजार किलोमीटर म्हणजे इंजिन ३,००० तास चाललं. ताशी ६० च्या सरासरीने तेवढंच अंतर १,००० तासांत होतं. सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये उभी राहिलेली गाडी मीटरवर तरुण दिसते, बेल्ट मात्र फिरतच असतो. पुस्तकात 'कठीण परिस्थिती' असा वेगळा रकाना असतो तो यासाठी, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्या त्याच रकान्यात मोडतात. मीटर मागं फिरवलेला असण्याची शक्यता यात धरलेलीच नाही.

आणखी एक गोष्ट इथंच सांगतो. विकायला काढलेल्या गाडीचं इंजिन बऱ्याचदा चकाचक असतं. कॉम्प्रेसरने डिझेल किंवा रॉकेलचा फवारा मारून ते धुतलेलं असतं. झाकण तडकलेलं असेल, त्याचे दोन बोल्ट गायब असतील, तर तो फवारा थेट बेल्टवर जातो. तेल आणि इंधन हे या रबराचे शत्रू. म्हणून चकाचक इंजिन बघून हुरळून जाऊ नये, झाकण आधी बघावं. झाकण तुटलेलं असेल तर ते बेल्टबरोबर नवं घ्यावं. कोकणातल्या पावसात आणि लाल चिखलात वापरलेल्या गाडीला तर हमखास.

मग निर्णय काय? ज्या बिलावर तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर तिन्ही आहेत असं बिल मिळालं, तर त्यावर विश्वास ठेवावा. नसेल तर बेल्ट बदललेला नाही असं धरून चालावं. मधला रस्ता मला दिसत नाही.

नुसता बेल्ट की किट

इथं खरा मतभेद आहे आणि दोन्ही बाजूंना अनुभवी माणसं आहेत. एका बाजूचं म्हणणं असं, की टेन्शनर आणि बेल्टला वाट दाखवणाऱ्या आयडलर पुलीची बेअरिंगं हाताने फिरवून बघावीत, ठीक असतील तर ठेवावीत, उगाच ग्राहकाचा खर्च का वाढवायचा. मारुती ८०० किंवा ऑम्नीसारख्या साध्या गाडीत हे म्हणणं टिकू शकतं: खोलायला सोपं, मजुरी थोडी, टेन्शनर एक, पुढं कधी आवाज आला तर पुन्हा उघडता येतं. दुसरी बाजू म्हणते, आत शिरायलाच पाच-सहा तास लागत असतील तर तिथं जे फिरतं ते सगळं एकदाच नवं टाकावं. बहुतेक डिझेल गाड्यांत आणि सगळ्या युरोपीय गाड्यांत मी या दुसऱ्या बाजूचा आहे. लाख किलोमीटर चाललेलं बेअरिंग आणखी लाख जाईल, याची हमी हाताने फिरवून मिळत नाही. ते अडकलं तर नवा कोरा बेल्टही घासून तुटतो.

के९के हे एक उदाहरण सविस्तर बघू, कारण ते आपल्या रस्त्यांवर भरपूर आहे. रेनोचं हे १,४६१ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं डिझेल इंजिन. नाशिकला बनलेली लोगन आणि तिचाच पुढचा अवतार व्हेरिटो, शिवाय डस्टर, टेरानो, डिझेल सनी, अशा किती गाड्यांत ते बसलं. एकच बेल्ट कॅमशाफ्ट फिरवतो, डिझेलचा हायप्रेशर पंप फिरवतो आणि पाण्याचा पंपही फिरवतो, ज्याला आपले मेकॅनिक वॉटर बॉडी म्हणतात. आता समजा मालकाने पैसे वाचवायला फक्त बेल्ट टाकला. वर्षभरात वॉटर बॉडीचं सील गळायला लागलं, तर कूलंट बेल्टच्या वाटेत येणार. बेअरिंगला खुळखुळ आली, तर बेल्ट तिरका चालणार. आणि काहीही झालं तरी पंप बदलायला तोच बेल्ट पुन्हा उतरवावा लागणार. मजुरी दोनदा, कूलंट दोनदा. या इंजिनासाठी बेल्ट, टेन्शनर आणि पंप हे एकच खरेदीचं कलम समजावं.

त्याच इंजिनाची आणखी एक खोड आहे. बाहेरचा अल्टरनेटर-एसीचा खाचांचा बेल्ट, ज्याला सगळे फॅन बेल्टच म्हणतात, तो जुना झाला की त्याचे दोरे सुटतात. सुटलेला दोरा खालच्या क्रँक पुलीच्या मागून आत ओढला जाऊन टायमिंग बेल्टखाली शिरू शकतो, आणि मग टायमिंग सरकतं. म्हणजे आतला बेल्ट नवा, तो उत्तम कंपनीचा, बसवलाही नीट, आणि घात केला बाहेरच्या बेल्टने. युरोपात या इंजिनाबद्दल ही तक्रार जुनी आहे. किट घेताना हा बाहेरचा बेल्ट आणि त्याचा टेन्शनर यादीत आहे की नाही, ते विचारावं. नसला तर वेगळा घ्यावा, पण घ्यावाच.

सगळ्याच गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर नसतो. तो बाहेरच्या बेल्टवर असेल तर किटमध्ये त्याचा आग्रह धरायचं कारण नाही. गळत असेल तर बदला, नाहीतर राहू द्या. पंप आतला असेल तर मात्र निवड जपून करावी. शेंद्र्याला जोडल्या गेलेल्या ऑक्टाव्हियाच्या पिढीतल्या स्कोडा-फोक्सवॅगन इंजिनांत पाणी ढकलणारा प्लास्टिकचा पंखा तडकण्याच्या किंवा शाफ्टवर सैल होण्याच्या तक्रारी गाजल्या होत्या. बाहेरून पंप फिरताना दिसतो, आत पाणी हलत नाही, आणि गाडी तापते. त्यावरून 'धातूचाच पंखा पाहिजे' असा सरसकट नियम झाला. हल्लीचे चांगल्या कंपन्यांचे कंपोझिट पंखे त्या जुन्या प्लास्टिकसारखे नाहीत, आणि हलक्या प्रतीचा ओबडधोबड पत्र्याचा पंखा त्याहून बरा असं म्हणवत नाही. पंपाबरोबर कूलंट नवं भरायचंच असतं. ते पुस्तकात सांगितलेल्या जातीचं घ्यावं, रंग बघून नको.

क्रँक आणि कॅमची ऑइल सीलं ही किंमतीने सगळ्यात क्षुल्लक आणि विसरण्यात सगळ्यात पुढची. बहुतेक किटमध्ये ती नसतात. झाकण उघडल्यावर बेल्टच्या आसपास तेलकट काळा थर दिसला तर सील न बदलता नवा बेल्ट टाकणं म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून तेलात घालणं. बोल्टचंही तसंच. बऱ्याच गाड्यांत क्रँक पुलीचा बोल्ट ताणून आवळायचा असतो आणि एकदाच वापरायचा असतो. तो पुन्हा वापरलेला बोल्ट हाताला घट्ट लागतो, म्हणून मेकॅनिकला पटत नाही. काही इंजिनांत खालची पुली चावीने अडकवलेली नसते, फक्त बोल्टच्या दाबाने जागेवर राहते. तिथं जुना बोल्ट वापरणं म्हणजे टायमिंगच त्याच्या भरवशावर सोडणं.

डब्यावरचं नाव

आता ब्रँड. मोटार कंपन्या हे बेल्ट सहसा स्वतः बनवत नाहीत. गेट्स, कॉन्टिनेंटल, डेको, बँडो, मित्सुबोशी या मंडळींकडून ते येतात. टेन्शनर-आयडलर आयएनए, एसकेएफ, एनटीएन यांच्याकडून. आयएनए हा शेफलरचा ब्रँड आणि शेफलर इंडियाचं मुख्यालय पुण्यात; एसकेएफचा कारखाना चिंचवडला. म्हणजे 'ओरिजिनल' आणि 'बाहेरचा' या दोन डब्यांत कधीकधी एकाच लाइनवरून आलेला माल असतो. जर्मन गाडीचा टेन्शनर आयएनएच्या डब्यात घ्या आणि धातूच्या कडेला नीट बघा: छापातला एक तुकडा कधीकधी घासून गुळगुळीत केलेला दिसतो. तिथं गाडीच्या कंपनीचं चिन्ह होतं. बाकी पार्ट तोच, डबा वेगळा, किंमत कमी.

पण एकच नाव दिसलं म्हणून माल एकच, असंही होत नाही. बेल्टसाठी नावाजलेली कंपनी किटमधली पुली दुसऱ्याकडून घेऊ शकते आणि बेअरिंगवाली कंपनी बेल्ट. किट उघडून पुलीवर कोरलेलं नाव वाचावं. बेअरिंगच्या अंगावर कुणाचंच नाव नसेल तर मी ते किट परत देतो, बाहेरचं नाव कितीही मोठं असलं तरी. हाताने फिरवून बघायची पद्धत इथं उपयोगी आहे, पण तिचा अर्थ लोक उलटा लावतात. नवी पुली बोटाने फिरवल्यावर भिंगरीसारखी फिरत राहिली तर ती खूण चांगली नाही; आत ताजं ग्रीस असलेली बंद बेअरिंग थोडी जड फिरते आणि लवकर थांबते.

काउंटरवर आणखी एक दृश्य नेहमी दिसतं. नाना पेठेसारख्या बाजारात, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा गावातल्या स्टँडजवळच्या दुकानात विकणारा बेल्ट डब्यातून काढतो, मुठीत मुरगाळतो, उलटा करून दात बाहेर काढतो आणि म्हणतो, "बघा, काय माल आहे!" त्या क्षणी तो माल खराब झालेला असू शकतो. आतल्या काचतंतूंच्या दोऱ्या ओढीला दणकट असतात, तीव्र घडीला नाही. घडीच्या जागी दोरी तुटते, बाहेर काहीच दिसत नाही आणि बेल्ट काही हजार किलोमीटरवर तिथंच जातो. खिळ्याला टांगलेला, रबरबँड लावून चिमटलेला, उन्हात शोकेसमध्ये ठेवलेला बेल्ट घेऊ नये. न उघडलेला डबा मागावा आणि तो गॅरेजमध्ये उघडावा.

डुप्लिकेटचा प्रश्न मोठा आहे, आणि होलोग्राम बघून तो सुटत नाही, कारण होलोग्रामही छापता येतो. डब्यावर काय असायलाच हवं ते वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ सांगतात: बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, बनवल्याचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क. परदेशी ब्रँडचा डबा आणि आयातदाराचा पत्ता नाही, तर तिथंच थांबावं. महिना-वर्ष आपल्याला दुहेरी उपयोगाचं, कारण दुकानात सहा-सात वर्षं पडून राहिलेला अस्सल बेल्टही मला नको असतो. डब्यावरचा आणि बेल्टच्या पाठीवरचा नंबर जुळतो का, छपाई बोटाने चोळल्यावर पुसते का, हेही बघावं. आणि पक्कं बिल घ्यावं. जीएसटी वाचवायला बिल सोडणारा ग्राहक अस्सल मालाचा एकमेव पुरावाही सोडून देतो.

माझी क्रमवारी अशी: ज्या गाडीचं किट कंपनीच्या डब्यात वाजवी किमतीत मिळतं, म्हणजे मारुती, ह्युंदाई, टाटा, तिथं कंपनीचंच घ्यावं; दोनशे-चारशे रुपयांसाठी डोकं लावू नये. जिथं कंपनीचा भाव अवाच्या सवा आहे किंवा कंपनीच गेली आहे, तिथं मूळ पुरवठादाराचं किट घ्यावं. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. फिगो-इकोस्पोर्टच्या डिझेल टीडीसीआय इंजिनांना बेल्टच आहे, आणि तो आधीच घेऊन साठवून ठेवायची वस्तू नाही. त्या मालकांनी वेळ आली की नामवंत बाहेरचं किट बिनदिक्कत घ्यावं. तिसरा पर्याय, डब्यावर नुसतं गाडीचं नाव आणि 'सुपर क्वालिटी', तो ऑम्नीसाठीसुद्धा नको.

बसवण्याचा भाग पार्ट निवडीपासून वेगळा काढता येत नाही, कारण टेन्शनर निवडताना तो कसा बसतो ते माहीत असलेला माणूस लागतो. जुने टेन्शनर अंगठ्याने बेल्ट पाव फेरा वळवून लावत. आताच्या बऱ्याच टेन्शनरवर काटा असतो. तो खाचेसमोर आणून आवळायचा, तोही इंजिन थंड असताना, कारण तापल्यावर ॲल्युमिनियमचं इंजिन फुगतं आणि बेल्ट आणखी ताणला जातो. गरम इंजिनावर लावलेला बेल्ट थंडीत सैल पडतो. उगाच जास्त ताणलेला बेल्ट शिट्टी मारतो आणि पंपाची बेअरिंग खातो. क्रँक-कॅम जागेवर धरणाऱ्या पिना ज्याच्याकडे नाहीत, जो व्हाइटनरच्या खुणा करून काम भागवतो, त्याच्याकडे आधुनिक डिझेल नेऊ नये. बसवल्यावर स्टार्टर मारायच्या आधी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का ते बघायचं असतं. मेकॅनिकला हे विचारावं. चांगल्या मेकॅनिकला या प्रश्नाचा राग येत नाही.

तेलात चालणाऱ्या बेल्टबद्दल दोन वाक्यं. इकोस्पोर्टच्या १.० इकोबूस्टमध्ये बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजलेला असतो. तिथं ऑइल हाही बेल्टचाच भाग समजायचा. चुकीच्या ग्रेडचं ऑइल आणि लांबवलेली सर्व्हिस त्याला सोलून काढते, सोललेले तुकडे ऑइल पंपाची जाळी बंद करतात. अशी गाडी जुनी घेताना ऑइल बदलाची संपूर्ण नोंद नसेल तर मी ती घेणारच नाही. चेनवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. १.३ मल्टिजेटची चेन ताणली की सकाळी खडखड ऐकू येते, आणि तिथंही चेन, गाइड, टेन्शनर असं किटच टाकावं लागतं.

राहिला पैशाचा प्रश्न. बेल्ट तुटून झालेलं नुकसान नेहमीच्या मोटार विम्यात बसत नाही. यंत्राचा बिघाड आणि झीज त्यात वगळलेली असते. म्हणजे खर्च आपलाच. चौदा वर्षांची गाडी असेल, नोंदणीची पंधरा वर्षं संपत आलेली असतील आणि पुढं पाच वर्षांचं नूतनीकरण करायचं की भंगारात काढायची हे ठरलेलं नसेल, तर आधी ते ठरवावं. इंडिका किंवा सँट्रो ठेवायची असेल तर किट टाकायला काहीच हरकत नाही, पार्ट स्वस्त आहेत आणि हात बसलेले मेकॅनिक तालुक्याच्या गावीही मिळतात. त्याच वयाच्या स्कोडा लॉराला किट, पंप, सीलं, बोल्ट आणि जाणता मेकॅनिक असा हिशेब मांडला तर तो गाडीच्या किमतीचा डोळ्यात भरेल इतका हिस्सा होतो. तिथं नुसता बेल्ट टाकून भागवण्याचा मोह होतो, आणि नेमकी तीच गाडी आहे जिथं तसं करू नये.

म्हणून हे गणित टोकन द्यायच्या आधी मांडलेलं बरं. चासी नंबर घेऊन काउंटरवर पार्ट नंबर काढावेत, किटचा, पंपाचा आणि मजुरीचा भाव विचारावा आणि तो आकडा कागदावर लिहून विकणाऱ्यापुढे ठेवावा. तो म्हणेल, "साहेब, बेल्ट आत्ताच टाकलाय." ठीक आहे, बिल दाखवा म्हणावं. बिल निघालं तर त्यावरचा पार्ट नंबर आपल्या कागदाशी ताडून बघावा. नाही निघालं तर तेवढी रक्कम किमतीतून वजा करायला सांगावी.